चौदा व्होल्टचा हिशोब

काकाजींच्या आवारात शिरलो तर ट्रॅक्टर उताराला तोंड करून उभा. मागच्या चाकाला नारळाएवढा दगड लावलेला. दीड वर्ष तो असाच मुक्कामाला असायचा. सकाळी दगड काढायचा, ट्रॅक्टर घरंगळू द्यायचा, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की झाला सुरू. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उचलेल याचा भरवसा कुणालाच नव्हता, आणि उतारावरून सुरू करण्याची घरात इतकी सवय झाली होती की त्याला बिघाड म्हणणंही थांबलं होतं.

जुन्या डिझेल ट्रॅक्टरचं हेच अवघड आहे. पेट्रोल गाडीची बॅटरी बसली तर ठिणगी पडत नाही आणि गाडी रस्त्यातच थांबते. डिझेल इंजिन एकदा फिरलं की त्याला बॅटरीची गरज उरत नाही, पंप आणि नोझल आपलं काम करत राहतात. त्यामुळे चार्जिंग बंद पडलं तरी नांगरणी होते, वखरणी होते, फवारणी होते. दोष महिनोन् महिने लपून राहतो आणि कळतो तो एखाद्या थंड पहाटे, सेल्फ नुसता कण्हला की.

नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रकांचं काम जास्त, ट्रॅक्टर अधूनमधून. काकाजींचं गाव काटोल रोडनं फेटरी ओलांडून कळमेश्वरच्या पुढं. पाच एकर संत्रा, बाकी गहू-हरभरा. जानेवारीचा पहिला आठवडा होता. संत्र्याच्या अंबिया बहराचा तोडा आटोपला होता, मृग बहराचा तोडा पुढं होता, म्हणजे ट्रॉली नागपूरच्या कळमना बाजारात न्यायच्या रात्री जवळ आल्या होत्या. म्हणून काकाजींना घाई.

प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात पैसे बरेच वाया गेले आणि पहिल्या फेरीत मीही चुकलो.

आधी काय काय झालं होतं

ट्रॅक्टर 1980च्या दशकातला, पस्तीस हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा. पंधरा-सोळा महिन्यांत त्याच्यावर दोन बॅटऱ्या चढल्या होत्या, दोन्ही 88 एएचच्या, म्हणजे अँपिअर-तासाच्या. पहिली अकरा महिन्यांत बसली, ती वॉरंटीत बदलून मिळाली. दुसरीही तीन-चार महिन्यांत तशीच वागू लागली, तेव्हा संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावर गेला. एका कारागिरानं तो उघडून कार्बन बदलले, वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या डायोडची प्लेट बदलली, व्होल्टेज आवरणारा नवा रेग्युलेटर टाकला. पट्टा इतका ताणला की पुलीचं बेअरिंग आवाज करू लागलं. (अंगठ्यानं मधोमध दाबल्यावर पट्टा दहा-पंधरा मिलिमीटर दबला पाहिजे. याचा पाचसुद्धा दबत नव्हता.) तरी काकाजींची पहाट उतारावरच.

‘‘चार्जिंग तर होते ना भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘काटा प्लसकडे जाते. लाल दिवा विझते. मंग बॅटरी काहून बसून राहिली?’’

प्रश्न अगदी रास्त होता. डॅशबोर्डवर दोनच साक्षीदार, अँपिअर मीटरचा काटा आणि चार्जिंगचा लाल दिवा, आणि दोघंही सांगत होते की सगळं ठीक आहे. दोघंही खोटं बोलत नव्हते. पण दोघांना अर्धीच गोष्ट दिसत होती.

त्या आधीच्या कारागिरानं चार्जिंग तपासलं कसं, तेही विचारलं. उत्तर अपेक्षित तेच आलं: इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढली, इंजिन आणि दिवे चालूच राहिले, म्हणून चार्जिंग ठीक. ही पद्धत अल्टरनेटरच्या आधीच्या डायनॅमोच्या काळातली. डायनॅमोला ती फारशी बाधत नव्हती. अल्टरनेटरवर चालत्या इंजिनात बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, कारण त्या उसळीला सामावून घेणारी बॅटरीच जागेवर नसते, आणि डायोड किंवा रेग्युलेटर क्षणात जातो. वर डिझेल इंजिन तसंही विजेशिवाय चालतं, त्यामुळे या परीक्षेत इंजिन पास झालं यातून कळत काहीच नाही. पहिली डायोडची प्लेट अशाच तपासणीत गेली असावी असा माझा संशय आहे, पण तो सिद्ध करायला आता काही उरलेलं नाही.

माझी पहिली फेरी, आणि चूक

काकाजींचा पुतण्या ट्रॅक्टर वाडीला घेऊन आला तो दुपारी. आधी बॅटरी बघितली. पोलवर थेट मीटर लावला, क्लॅम्पवर नाही. 12.1 व्होल्ट. मग बॅटरीतल्या आम्लाची घनता सांगणारा हायड्रोमीटर. सहाही सेलमध्ये 1.165 ते 1.170.

इथं थोडं थांबतो, कारण बहुतेक बॅटऱ्या याच टप्प्यावर भंगारात जातात. सेलचं व्होल्टेज ढोबळमानानं घनतेत 0.84 मिळवलं की निघतं. 1.17 अधिक 0.84 म्हणजे 2.01, गुणिले सहा म्हणजे 12.06. मीटर 12.1 सांगतोय, म्हणजे दोघांचं जमतं. दुसरं म्हणजे सगळे सेल सारखे आहेत. बॅटरी खराब असते तेव्हा एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.050 किंवा जास्त मागं पडलेला दिसतो. सहाच्या सहा सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी मेलेली नसते, उपाशी असते. म्हणजे पहिली बॅटरीसुद्धा बहुधा उपाशीच परत गेली.

रात्रीत बॅटरी पिणारं काही आहे का, तेही बघितलं. चाबी बंद, मायनसच्या तारेत अँपिअरवर लावलेला मीटर. 30 मिलिअँपिअर, तेही पुतण्यानं बसवलेल्या गाण्याच्या डेकचे. दिवसाला पाऊण अँपिअर-तास. 88 एएचच्या बॅटरीला ते कळतही नाही. डायोड गळत असता तर इथंच पकडला गेला असता, तेव्हा तो संशय मिटला.

मग इंजिन सुरू केलं, मिनिटाला पंधराशेच्या आसपास फेरे. बॅटरीवर 13.1. काटा प्लस दहावर. आणि मी स्वतःशी म्हटलं, बॅटरी भुकेली आहे, प्रवाह ओढतेय, म्हणून व्होल्टेज खाली आहे; पोट भरलं की चढेल. हे वाक्य खरं आहे. भुकेल्या बॅटरीवर चांगल्या अल्टरनेटरचंही व्होल्टेज सुरुवातीला असं खाली राहू शकतं. पण खरं वाक्य हातात आलं की माणूस पुढं तपासत नाही, तसंच माझं झालं. अल्टरनेटरच्या बोल्टावर त्या क्षणी किती आहे हे बघायला दहा सेकंद लागले असते. मी बघितलं नाही. मीटर बीपवर लावून तारा मात्र तपासल्या. सगळीकडे बीप वाजला.

बीपबद्दल सांगायला हवं. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोन तारांचाच रोध 0.2-0.3 ओहमच्या घरात असतो. 0.08 ओहमचा जोड त्याला दिसणार कुठून? आणि चार्जिंगच्या तारेत 0.08 ओहम म्हणजे मोठं दरोड्याचं काम आहे, हे पुढं येईलच. बीप एवढंच सांगतो की तार तुटलेली नाही. एक धागा शिल्लक असला तरी वाजतो.

बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, पट्टा थोडा सैल केला, पैसे घेतले, पाठवून दिलं. बाराव्या दिवशी फोन.

‘‘भाऊ, पुन्हा धक्क्यावर आली जी गाडी.’’

पुतण्याच्या तोंडून निसटलेली गोष्ट

या वेळी मीच गेलो, आणि मुद्दाम संध्याकाळी गेलो. दोष जर रात्रीच्या ट्रॉलीनंतर दिसतो, तर तो रात्रीच्या ओझ्याखालीच, म्हणजे सगळे दिवे लावून शोधला पाहिजे. चहा पिताना पुतण्याला सहज विचारलं, लाल दिवा पूर्ण विझतो ना?

‘‘विझते ना. म्हणजे दिवसा विझते. रात्री लाइट लावले का तार थोडी लालसर दिसते आतमंधी. डोळे फाडून पाहाल तं.’’

सगळ्या प्रकरणात हे एक वाक्य सगळ्यात मोलाचं होतं, आणि दीड वर्षात ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दिव्याचं असं असतं. चाबी फिरवली की बॅटरीकडून येणारा प्रवाह दिव्यातून अल्टरनेटरच्या बारक्या टर्मिनलवर, म्हणजे ‘आयएनडी’वर जातो, तिथून रेग्युलेटर आणि रोटर, म्हणजे आतल्या फिरत्या चुंबकाच्या कॉइलमधून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या इंजिनाच्या धातूला. दिवा पेटतो आणि रोटरला पहिली चुंबकी जाग येते. अल्टरनेटर वीज करू लागला की आयएनडीवरही तेवढंच व्होल्टेज येतं. दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखं व्होल्टेज, म्हणून दिवा विझतो. (या कारणानं तिथं एलईडी लावू नये. त्यातून पुरेसा प्रवाह जात नाही आणि मग अल्टरनेटर जागा होत नाही. मागं एका ट्रॅक्टरवर अख्खा दिवस यातच गेला होता.) तेव्हा दिवा अर्धवट पेटत असेल तर त्याच्या एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी व्होल्टेज आहे. एक टोक अल्टरनेटरचं, दुसरं चाबीच्या स्विचमधून आलेलं. म्हणजे अल्टरनेटरपासून स्विचपर्यंतच्या प्लसच्या वाटेत कुठंतरी व्होल्टेज गळतंय. डायोड गेला तरी दिवा असाच मिणमिणतो, पण डायोडची प्लेट नवी होती आणि लाइट लावल्यावरच हे होतं, तेव्हा मन तारेकडेच गेलं.

अंधार पडल्यावर इंजिन सुरू केलं. पुढचे दोन हेडलाइट, 45 वॅटचे. मागचा 55 वॅटचा कामाचा दिवा. पुतण्यानं छतावर लावलेली 72 वॅटची एलईडी पट्टी. डेक. एकूण वीस अँपिअरच्या आसपास. मग चार मापं घेतली, एकाच फेऱ्यावर, लागोपाठ:

बॅटरीच्या प्लस-मायनसवर 12.1.
अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टापासून त्याच्याच अंगापर्यंत 14.3.
मोठ्या बोल्टापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत 1.5.
बॅटरीच्या मायनसपासून अल्टरनेटरच्या अंगापर्यंत 0.7.

14.3 मधून 1.5 गेले, 0.7 गेले, उरले 12.1. पैसा-पैसा जुळला. काकाजींनी जन्मभर कळमन्याच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या बघितल्या आहेत, त्यांना हे लगेच समजलं. अडत, हमाली, तोलाई वजा जाता हातात किती, तसंच हे. अल्टरनेटर चौदा पॉइंट तीनचा माल पाठवतोय, बॅटरीच्या दारात बारा पॉइंट एकच पोचतोय. मधल्या मध्ये दोन पॉइंट दोन कोण खातं, एवढंच शोधायचं.

चांगल्या वायरिंगमध्ये भर ओझ्यावर प्लसच्या वाटेत 0.3 ते 0.5 पर्यंत आणि अर्थच्या वाटेत 0.2 पर्यंत गळती चालते, त्यापुढं नाही. इथं दोन्ही बाजू फुटल्या होत्या. आणि लाल दिव्याला त्यातली एकच दिसत होती. अर्थच्या बाजूची गळती दिव्याला कधीच कळत नाही, कारण तिनं दिव्याच्या दोन्ही टोकांवर सारखाच फरक पडतो. नुसती अर्थ खराब असती तर दिवा ठणठणीत विझला असता आणि बॅटरी तरीही उपाशी राहिली असती. काटा तरी काय, तो बॅटरीत काही जातंय की येतंय एवढं सांगतो; किती दाबानं जातंय ते त्याला ठाऊक नसतं. दिवसा दिवे बंद असताना तो प्लस दहा दाखवायचा. आज सगळे दिवे लावल्यावर मायनस दोनवर होता. पण रात्री अँपिअर मीटर बघतो कोण? त्याच्या आतला दिवाच गेलेला.

अल्टरनेटर 36 अँपिअरचा होता. पण या वाटेनं 18च्या वर जाणारच नव्हते. वीसची गरज, अठराची आवक. रोज रात्री दोन अँपिअर बॅटरीतून.

जुना डबा

आता हा दोष कुठून आला, तर तो ट्रॅक्टरच्या इतिहासातून. या ट्रॅक्टरवर मुळात अल्टरनेटर नव्हताच. डायनॅमो होता. आपल्याकडं गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी लुकास-टीव्हीएस कंपनी 1961 साली मद्रासला सुरू झाली, आणि त्या घराण्याची डायनॅमो-कटआउटची पद्धत जुन्या कारागिरांच्या हातात अजून आहे. लुकासचा सी 40 डायनॅमो घेतला तर तो फार फार तर 22 अँपिअर द्यायचा, आणि कमी फेऱ्यांवर जवळपास काहीच नाही. त्याच्यासोबत एक डबा असायचा. आत दोन कॉइल: एक रेग्युलेटर, एक कटआउट. कटआउटचं काम इतकंच, की इंजिन थांबल्यावर बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत शिरू नये. अल्टरनेटरमध्ये ते काम डायोड करतात, म्हणून डब्याची गरज संपते.

दहा-बारा वर्षांपूर्वी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला तेव्हा बसवणाऱ्यानं डब्याचं आतडं निकामी केलं, पण डबा ठेवला. टर्मिनल तयार होते ना, डी, एफ, ए, ए-वन, ई. डीची जाड तार अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टाला, एफची बारीक तार लाल दिव्यामार्गे आयएनडीला, आणि डब्यावर डी, ए आणि ए-वन एका तारेच्या तुकड्यानं जोडून टाकले. कल्पना चुकीची नाही, बदल असाच करतात. चूक ही की वीस-पंचवीस अँपिअर आता तीन जुन्या पितळी स्क्रूंमधून आणि एका पिळलेल्या तुकड्यातून जाणार होते. तेव्हा रात्रीचं ओझं दोन हेडलाइटांचं होतं, म्हणून चाललं. एलईडी पट्टी, मागचा दिवा आणि डेक दीड-दोन वर्षांपूर्वी आले. बॅटऱ्या बसू लागल्या त्याही तेव्हापासूनच.

डब्यावर हात ठेवला आणि झटकन उचलला. दीड व्होल्टपैकी 1.2 एकट्या डब्यात गळत होते. अठरा अँपिअर गुणिले 1.2 म्हणजे जवळपास 22 वॅट. आम्ही डाक द्यायला 25 वॅटची सोल्डरिंग वापरतो. तेवढी आच दर रात्री त्या डब्यात. झाकण काढलं तर चिकटपट्टी वितळून काळी झालेली, तारेचा तुकडा करपलेला आणि पितळेवर हिरवट थर.

तो हिरवट थर बघून काकाजींना विचारलं, बोर्डो मारता का? मारतात. संत्र्याला डिंक्या आला की बोर्डो मिश्रण लागतंच, आणि ब्लोअर याच ट्रॅक्टरला असतो. मोरचूद आणि चुन्याच्या त्या पाण्याचा फवारा वाऱ्यानं मागं येतो आणि इंजिनावर, तारांवर, डब्यावर बसतो. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेल्यावर टेपचा गोंद वितळून सुटतो, पावसाळ्यात उघड्या जागेत ओल शिरते. पितळेचं काय झालं असेल ते दिसतच होतं. बोर्डोचा वाटा किती आणि नुसत्या ओलीचा किती, हा माझा अंदाजच आहे, पण संत्र्याच्या पट्ट्यातल्या ट्रॅक्टरांवर मला हा रंग वारंवार दिसतो.

उरलेले 0.3. त्यातले 0.2 अल्टरनेटर ते डबा या तारेत. ती तार घरातल्या बोर्डाची होती, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, दीड मीटर लांब. हिशोब केला तर तांब्याचा रोध 0.01 ओहम येतो, अठरा अँपिअरला 0.19 व्होल्ट. बरोबर तेवढंच मोजलं गेलं. घरगुती तारेत मोजके जाड धागे असतात, भिंतीत निजून राहायला ते पुरतात. ट्रॅक्टरच्या थरथरीत ते लगपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपाशी, एकेक करून तुटतात. उरलेला 0.1 एका ढिल्या लगचा.

अर्थची बाजू

डब्यावर सगळ्यांचं लक्ष गेलं, कारण तो गरम होता, काळा होता, दाखवण्यासारखा होता. माझ्या मते जास्त शिकण्यासारखी बाजू दुसरी होती.

अर्थ खराब म्हटलं की आपण बॅटरीची मायनसची पट्टी घासायला धावतो. पण इथं सेल्फ, बॅटरी भरलेली असताना, झकास फिरत होता. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो आणि त्याचा परतीचा रस्ता तीच पट्टी, तेच इंजिनाचं धूड. पट्टी खराब असती तर सेल्फ आधी कुरकुरला असता. म्हणजे बॅटरी ते इंजिन ठीक. दोष उरला तो इंजिन ते अल्टरनेटर, हातभर अंतरात.

तिथं एक कापलेल्या पट्टीचा ब्रॅकेट होता. डायनॅमोचा मूळ ब्रॅकेट अल्टरनेटरला बसेना, म्हणून कुणीतरी वेल्डिंग करून बनवलेला, आणि बनवणाऱ्यानं मन लावून दोनदा रंग मारलेला. वेल्डिंग उत्तम, रंग उत्तम, वीज जायला जागा नाही. अल्टरनेटरचा परतीचा सगळा प्रवाह रंगाखालच्या बोल्टाच्या दोन-तीन आट्यांतून आणि पट्टा ताणायच्या गंजक्या पट्टीतून कसाबसा जात होता. 0.7 व्होल्ट भागिले 18, म्हणजे 0.04 ओहम. आकडा हसण्यासारखा लहान. त्यानंच पाऊण व्होल्ट खाल्लं.

खात्री करायला दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करायच्या जाड केबलची काळी तार घेतली, एक चिमटा अल्टरनेटरच्या अंगाला, दुसरा बॅटरीच्या मायनसला. बॅटरीवरचा आकडा 12.1 वरून 12.5 वर गेला आणि हेडलाइट डोळ्यांना कळेल इतके उजळले. काकाजी म्हणाले, ‘‘अरे बाप्पा.’’ पुतण्यानं डेक मोठा केला. तो बंद करायला सांगावा लागला.

दुरुस्ती

सगळ्यात आधी बॅटरीची मायनस काढली. पान्याचं एक टोक प्लसला आणि दुसरं बॉडीला लागलं की काय होतं हे माझ्या डाव्या मनगटावर लिहिलेलं आहे.

डबा वाटेतून काढून टाकला. अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टापासून अँपिअर मीटरच्या ओझ्याच्या बाजूपर्यंत सहा स्क्वेअर मिलिमीटरची बारीक धाग्यांची ऑटो केबल, सलग, मध्ये एकही जोड नाही. दोन मीटर लांबी, तीस अँपिअरला 0.17 व्होल्ट. लग दाबून वर डाक दिला, वर गरम करून आवळणारी नळी. चार्जिंगच्या बाजूचा नवा फ्यूज बॅटरीजवळ टाकला, कारण ही तार चाबी बंद असतानाही जिवंत असते आणि बोनेटच्या कडेला घासली तर आगच. दिव्यांचे, डेकचे फाटे वेगळ्या फ्यूजवर नेले. ए-वनच्या स्क्रूवर पिळून ठेवलेले चार फाटे बघून मला जास्त काही बोलवेना.

अर्थसाठी ब्रॅकेट खरवडत बसलो नाही. खरवडलं तरी गंज परत येतोच. अल्टरनेटरच्या अंगावरच्या बोल्टापासून इंजिन ब्लॉकपर्यंत दहा स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी तार टाकली, ब्लॉकवरची जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर, वरून व्हॅसलीन.

अँपिअर मीटर तीसचा आहे. 36 अँपिअरच्या अल्टरनेटरला तो काठावर पुरतो. बदला म्हटलं, काकाजींनी नको म्हटलं. तो काटा त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचा. आणि डबाही काढू दिला नाही. तारा सगळ्या बाहेर, आत काही नाही, पण डबा आपल्या जागी स्क्रूला लटकलेला आहे. पुढं एखादा कारागीर तो उघडून बुचकळ्यात पडेल, म्हणून झाकणाच्या आत खिळ्यानं ‘रिकामा’ असं कोरून ठेवलं.

एक इशारा, या बदलाच्या नादात असलेल्यांना. काही जुन्या विलायती यंत्रांवर बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तसं असेल तर अल्टरनेटर जोडायच्या आधी सगळी अर्थ उलटवून मायनसवर आणावी लागते. नाहीतर चाबी फिरवायच्या आधीच डायोड जातात. काकाजींचा ट्रॅक्टर मायनस अर्थचाच होता, पण डबा बघितला की मी आधी बॅटरीच्या पट्ट्यांचे रंग नव्हे, खुणा बघतो.

पुन्हा मापं

रात्री साडेनऊला तेच ओझं, तेच फेरे. अल्टरनेटरवर 14.0, प्लसच्या वाटेत 0.2, अर्थच्या वाटेत 0.05, बॅटरीवर 13.75. काटा प्लस आठ. अल्टरनेटरवर आधी 14.3 होते आणि आता 14.0 का, असं पुतण्यानं विचारलं आणि मला बरं वाटलं. आधी वाट अडलेली होती, अल्टरनेटर अठरावर आरामात बसला होता. आता तो अठ्ठावीसच्या आसपास देत होता, खरं काम करत होता, म्हणून थोडा वाकला. दिवे बंद केल्यावर परत 14.2 वर चढला. लाल दिवा पूर्ण काळा. पुतण्यानं दोन्ही तळव्यांचा आडोसा करून डोळा लावून बघितला.

केबल, लग, फ्यूज आणि माझी मजुरी मिळून जे झालं ते एका बॅटरीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहून कमी होतं. पहिल्या फेरीचे पैसे मी वळते केले. काकाजींनी घेतले नाहीत, संत्र्याचं एक क्रेट गाडीत ठेवलं.

तीन आठवड्यांनी त्याच वाटेनं जाताना पुन्हा हायड्रोमीटर लावला. मधल्या काळात ट्रॅक्टरनं चार रात्री कळमन्याच्या फेऱ्या मारल्या होत्या. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी 12.5 व्होल्ट. पाच सेल 1.245, आपल्याकडच्या हवेत ते भरलेलेच समजायचे. एक सेल 1.230. इतके महिने उपाशी राहिल्यावर प्लेटांवर सल्फेटचा थर बसून घट्ट होतो आणि तो सगळाच्या सगळा परत सुटत नाही. हा सेल पुढच्या डिसेंबरात सेल्फला किती साथ देतो, ते तेव्हाच दिसेल. काकाजींना तसं सांगून ठेवलंय.

ट्रॅक्टर अजूनही उतारावरच होता. दगड लावलेला.